स्ट्रोक्सटाउन

स्ट्रोक्सटाउन (आयरिश भाषेत: बेअल ना मिली) हे आयर्लंड प्रजासत्ताकाच्या कॉनॉट प्रांतात, रॉसकॉमन काउंटीमध्ये वसलेले एक छोटे बाजारगाव आहे. गावाची लोकसंख्या एक हजाराहून कमी आहे. अतिशय रुंद मुख्य रस्ता, त्याच्या एका टोकाला मॅहन घराण्याच्या हवेलीची कमान आणि दुसऱ्या टोकाला अष्टकोनी चर्च अशी गावाची आखीव रचना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९७९ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ, ही हवेली एकाच घराण्याकडे होती.

आयर्लंडच्या इतिहासात हे गाव मुख्यतः १८४७ या एका वर्षामुळे ओळखले जाते. महादुष्काळाच्या त्या वर्षी येथील जमीनदार मेजर डेनिस मॅहन यांनी आपल्या जहागिरीवरील १,४९० माणसांना स्वखर्चाने कॅनडाला पाठवले. त्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे समुद्रप्रवासात किंवा पलीकडच्या किनाऱ्यावर मरण पावली. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी मॅहन यांची गोळी घालून हत्या झाली आणि हे प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचले. जहागिरीचे बहुतांश दप्तर हवेलीत टिकून राहिल्यामुळे दुष्काळकाळात जमीनदार, कारभारी आणि कुळे यांच्यात नेमके काय घडले, याचा येथे कागदोपत्री मागोवा घेता येतो. हवेलीच्या आवारात आयर्लंडचे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे.

नाव आणि परिसर

गावाच्या आयरिश नावाचा अर्थ ‘घावांच्या उताराचे मुख’ असा होतो. येथे ‘उतार’ म्हणजे नदी किंवा ओढा पायी ओलांडण्याची जागा. इंग्रजी नावातील ‘स्ट्रोक’ हा शब्द या ‘घावा’चेच भाषांतर आहे.

गाव शॅनन नदीच्या पश्चिमेस असून त्याच्या जवळच स्लीव्ह बॉन ही टेकड्यांची रांग आहे. आसपासचा प्रदेश कुरणे, दलदलीची पीटभूमी आणि लहान तळी यांनी व्यापलेला आहे. पश्चिमेला टल्स्क गावाजवळ राथक्रोहन हे कॉनॉटच्या प्राचीन राजांचे स्थान आहे, तर त्याच भागातील कार्नफ्री टेकडीवर ओ’कॉनर राजांचा राज्यारोहण विधी होत असे. गेलिक सत्तेच्या काळात हा प्रदेश आडबाजूचा नव्हता. तो कॉनॉटच्या राजकारणाच्या केंद्रापाशी होता.

ओ’कॉनर रो घराण्याकडून मॅहन घराण्याकडे

१३८४ मध्ये ओ’कॉनर राजघराण्यात फूट पडून ‘ओ’कॉनर डॉन’ आणि ‘ओ’कॉनर रो’ अशा दोन शाखा झाल्या. स्ट्रोक्सटाउनचा परिसर दुसऱ्या शाखेच्या अमलाखाली राहिला. येथे त्यांचे तटबंदीचे ठाणे होते, आणि आज जेथे हवेलीची बाग आहे त्या भागात त्यांचे हरणांचे राखीव रान होते, असे मानले जाते.

सतराव्या शतकातील युद्धांनंतर आयर्लंडमधील जमिनीची मालकी मोठ्या प्रमाणावर बदलली. कॅथलिक सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या आणि इंग्रजी सत्तेला साथ देणाऱ्यांना त्या वाटण्यात आल्या. कॅप्टन निकोलस मॅहन यांना रॉसकॉमनमधील जमीन याच फेरवाटपात मिळाली, आणि चार्ल्स दुसरा याच्या काळात त्या मालकीवर शिक्कामोर्तब झाले. पुढे वाढत जाऊन ही जहागीर ११,००० एकरांहून मोठी झाली, पण ती सलग नव्हती. ईशान्य रॉसकॉमनमध्ये विखुरलेल्या अनेक ‘टाउनलँड’ मिळून ती बनलेली होती. टाउनलँड म्हणजे आपल्याकडील वाडीसारखा, जमिनीच्या मोजणीतील सर्वांत लहान घटक.

या विखुरलेपणाचा परिणाम पुढे दूरगामी ठरला. जमीनदाराने जमीन मध्यस्थाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यायची, मध्यस्थाने ती कुळांना, कुळांनी पोटकुळांना आणि पोटकुळांनी भूमिहीन मजुरांना एका हंगामापुरता बटाट्याचा तुकडा द्यायचा, अशी उतरंड तयार झाली. वरच्या टोकाला असलेल्या घराण्याला खालच्या टोकाला किती माणसे राहतात, याची नीट कल्पना अनेकदा नसे.

हवेली आणि गावाची आखणी

हवेलीचे पहिले बांधकाम १६९६ च्या सुमारास झाले. आज दिसणाऱ्या वास्तूचे स्वरूप मुख्यतः निकोलस यांचे वंशज थॉमस मॅहन (१७०१–१७८२) यांच्या काळातील आहे. आयरिश संसदेचे सदस्य असलेल्या थॉमस यांच्यासाठी जर्मन वंशाचे वास्तुविशारद रिचर्ड कॅसल्स यांनी पॅलाडियन शैलीत हवेलीचा विस्तार केल्याचे मानले जाते. डब्लिनमधील लीन्स्टर हाउस (सध्याचे आयरिश संसदभवन) आणि विकलो काउंटीतील रसबरो ही कॅसल्स यांचीच कामे आहेत. स्ट्रोक्सटाउन येथे मधली मुख्य इमारत आणि तिला वक्राकार भिंतींनी जोडलेले दोन पंख अशी रचना आहे. एका पंखात स्वयंपाकघर, तर दुसऱ्यात कमानींच्या छताचा तबेला आहे. नोकरांची ये-जा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून भुयारी वाट काढलेली आहे.

स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. घरच्या मालकीणबाई दर सोमवारी या सज्जावरून आठवड्याच्या जेवणाची यादी खाली टाकत, असे सांगितले जाते. अशा सज्जाची स्वयंपाकघरे आयर्लंडमध्ये आता फारच थोडी शिल्लक आहेत.

थॉमस यांचे पुत्र मॉरिस मॅहन (१७३८–१८१९) यांना १८०० मध्ये ‘बॅरन हार्टलंड’ हा किताब मिळाला. आयर्लंडची स्वतंत्र संसद बरखास्त करून तिचे ब्रिटिश संसदेत विलीनीकरण करण्याचा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला होता. विलीनीकरणाच्या बाजूने मते वळवण्यासाठी त्या काळात अनेक सरदारक्या वाटण्यात आल्या, आणि हार्टलंड हा किताबही त्यांतलाच समजला जातो.

गावाच्या आजच्या आखणीचे श्रेय मॉरिस यांना दिले जाते. हवेलीच्या गॉथिक धाटणीच्या कमानीपासून सुरू होणारा सरळ, रुंद रस्ता आणि त्याच्या दुतर्फा घरे व दुकाने हे त्यांच्या योजनेचे मुख्य अंग होते. व्हिएन्नातील रिंगस्ट्रासे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे गावात आणि पर्यटन पुस्तिकांत आवर्जून सांगितले जाते. ते मात्र कालदृष्ट्या जुळत नाही. रिंगस्ट्रासे बांधण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी १८५७ च्या अखेरीस काढला, आणि तेव्हा मॉरिस यांना जाऊन अडतीस वर्षे झाली होती. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे सेंट जॉन्स चर्च १८१९ मधील आहे. हे अष्टकोनी चर्च अँग्लिकन पंथाचे, म्हणजे जमीनदार कुटुंबाच्या पंथाचे होते. जहागिरीवरील बहुसंख्य कुळे कॅथलिक होती. गावाचा मुख्य रस्ता अशा रीतीने जमीनदाराच्या दारापासून निघून त्याच्याच प्रार्थनास्थळापर्यंत जात असे.

वारसाचा प्रश्न आणि जहागिरीची घसरण

मॉरिस यांच्यानंतर त्यांचे पुत्र थॉमस हे दुसरे बॅरन झाले. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर किताब आणि जहागीर त्यांचे धाकटे भाऊ मॉरिस यांच्याकडे आली. धर्मोपदेशक असलेले हे तिसरे बॅरन लवकरच मनोरुग्ण घोषित झाले, आणि जहागिरीचा ताबा न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. पुढची सुमारे दहा वर्षे जहागिरीला प्रत्यक्ष धनी नव्हता. खंडाची वसुली सैल झाली, जमिनीचे तुकडे पडत गेले आणि थकबाकी साचत गेली.

याच काळात शेजारच्या किलग्लास परगण्यातील बॅलीकिलक्लाइन या टाउनलँडमध्ये वेगळाच पेच उभा राहिला. ही जमीन ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची होती आणि मॅहन घराण्याने ती पट्ट्याने घेतली होती. १८३४ मध्ये पट्टा संपताच जमीन थेट राजसत्तेच्या कारभाराखाली आली. तेथील कुळांनी नव्या व्यवस्थेला खंड देणे बंद केले आणि अर्ज, दावे व प्रत्यक्ष प्रतिकार या मार्गांनी सुमारे बारा वर्षे हा लढा चालवला. अखेर १८४७–४८ मध्ये त्यांना जमिनीवरून काढून न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. इतिहासकार रॉबर्ट स्कॅली यांचा १९९५ मधील ‘द एंड ऑफ हिडन आयर्लंड’ हा ग्रंथ याच टाउनलँडवर आहे. खंड न देताही दीर्घकाळ टिकून राहता येते, हे बॅलीकिलक्लाइनने शेजाऱ्यांना दाखवले होते. स्ट्रोक्सटाउनच्या कारभाऱ्यांना त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक होते.

१८४५ मध्ये तिसऱ्या बॅरनचे निधन झाले. किताब संपुष्टात आला आणि जहागीर त्यांचे चुलतबंधू मेजर डेनिस मॅहन यांच्याकडे आली. त्या वेळी तीवर सुमारे १२,००० माणसे राहत होती आणि खंडाची थकबाकी १३,००० पौंडांच्या वर गेली होती. त्याच शरद ऋतूत बटाट्यावरील करपा रोग आयर्लंडमध्ये पोहोचला.

महादुष्काळ

१८४५ मध्ये बटाट्याचे पीक अंशतः गेले आणि १८४६ मध्ये जवळजवळ संपूर्ण. रॉसकॉमनसारख्या काउंटीत गरिबांचे अन्न म्हणजे बटाटा हेच समीकरण होते; ओट आणि जनावरे खंड भरण्यासाठी विकली जात. जहागिरीच्या दप्तरात क्लूनाही या टाउनलँडमधील कुळांनी १८४६ मध्ये केलेला एक अर्ज सापडतो. आपली मुलेबाळे उपाशी आहेत, आजवर आपण कायद्याने वागत आलो, आता काम किंवा अन्न मिळावे, अशी विनंती त्यात केलेली आहे. अर्जाची भाषा विनयाची असली, तरी भूक मर्यादेबाहेर गेली तर काय होईल, याची सूचनाही तीत आहे.

डेनिस मॅहन यांनी १८४६ मध्ये जहागिरीचा कारभार डब्लिनच्या ‘गिनेस अँड मॅहन’ या पेढीकडे सोपवला. पेढीचे एक भागीदार जॉन रॉस मॅहन हे स्ट्रोक्सटाउनचे कारभारी झाले. त्यांनी वाड्या फिरून पाहणी केली आणि निष्कर्ष काढला की इतक्या माणसांना पोसण्याची या जमिनीची कुवत नाही. सुमारे दोनतृतीयांश माणसे कमी झाल्याशिवाय ती फायद्यात येणार नाही.

या हिशेबामागे तत्कालीन कायद्याची रचना होती. दारिद्र्यनिवारण कायद्यानुसार गरिबांच्या पोषणासाठी स्थानिक कर बसे. ज्या धारण जमिनीचे मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी असे, तिचा संपूर्ण कर कुळाऐवजी जमीनदाराला भरावा लागे. जमिनीचे तुकडे जितके लहान आणि कुळे जितकी अधिक, तितका जमीनदाराचा बोजा मोठा होई, आणि ही कुळे खंडही देऊ शकत नसत. जून १८४७ मध्ये आलेल्या दुरुस्तीत ‘ग्रेगरी कलम’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली तरतूद जोडण्यात आली. पाव एकराहून अधिक जमीन बाळगणाऱ्याला मदत मिळणार नाही, असे ते कलम सांगत होते. उपाशी कुटुंबाला अन्न हवे असेल तर जमीन सोडणे भाग होते, आणि जमीन सोडताच झोपडी पाडली जाई. सरकारी लापशी केंद्रेही त्याच वर्षी शरद ऋतूपर्यंत बंद झाली.

जॉन रॉस मॅहन यांनी मांडलेला ताळेबंद सरळ होता. ही माणसे एक वर्षभर दरिद्रीगृहात ठेवण्यासाठी जो कर भरावा लागेल, त्याच्या सुमारे निम्म्या खर्चात त्यांना कायमचे अमेरिका खंडात पाठवता येईल. डेनिस मॅहन प्रथम कचरले, पण अखेर त्यांनी हा सल्ला मानला. कॅनडा निवडण्याचे कारणही पैशाचेच होते. तेथून इमारती लाकूड घेऊन येणारी जहाजे परतीच्या खेपेत रिकामी जात, आणि अमेरिकी बंदरांपेक्षा ब्रिटिश वसाहतींतील प्रवाशांविषयीचे नियम सैल असल्याने भाडे कमी पडे.

१,४९० जणांचे स्थलांतर

१८४७ च्या वसंत ऋतूच्या अखेरीस निवडलेली कुटुंबे स्ट्रोक्सटाउनहून पायी निघाली. क्लूनडारा येथे शॅननला मिळणाऱ्या रॉयल कालव्याच्या काठाने ती डब्लिनला गेली. हे अंतर सुमारे १६५ किलोमीटर आहे. वाटेतून कोणी परत फिरू नये आणि सर्व जण खरोखर जहाजावर चढावेत, यासाठी जहागिरीचा एक बेलिफ त्यांच्यासोबत होता. डब्लिनहून ती लिव्हरपूलला पोहोचली आणि तेथून ‘व्हर्जिनियस’, ‘नाओमी’, ‘जॉन मन’ आणि ‘एरिन्स क्वीन’ या चार जहाजांतून क्वेबेककडे रवाना झाली.

‘व्हर्जिनियस’ जहाज मे महिन्याच्या अखेरीस लिव्हरपूलहून सुटले आणि दोन महिन्यांनी, जुलैच्या अखेरीस, सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या विलगीकरण बेटावर पोहोचले. त्यात ४७६ प्रवासी होते. त्यांपैकी १५८ वाटेतच दगावले होते आणि १०६ तापाने आजारी होते. निघण्यापूर्वीच उपासमारीने खंगलेल्या माणसांना गर्दीच्या तळमजल्यावर उवांमुळे पसरणाऱ्या टायफस ज्वराने गाठले होते. बेटाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. जॉर्ज डग्लस यांनी या जहाजावरील प्रवाशांच्या भयानक अवस्थेची नोंद करून ठेवली आहे. १८४७ या एका वर्षात ग्रोस ईलवर पाच हजारांहून अधिक स्थलांतरितांना पुरण्यात आले. त्यांत स्ट्रोक्सटाउनच्या माणसांचा वाटा मोठा होता.

जगलेल्यांपैकी एक बारा वर्षांचा डॅनियल टाय. आई आणि इतर नातेवाइकांसह निघालेल्या त्याच्या कुटुंबातील तो आणि त्याची धाकटी बहीण कॅथरिन हे दोघेच वाचले. क्वेबेकमधील एका फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबाने या भावंडांना एकत्र दत्तक घेतले आणि पुढे त्या कुटुंबाची शेती डॅनियलकडे आली. अशा शेकडो आयरिश अनाथ मुलांना फ्रेंचभाषक कुटुंबांनी आधार दिला, आणि त्यांपैकी अनेकांची मूळ आडनावे कायम राहू दिली.

सर्वांनाच जहाज मिळाले असे नाही. जाण्यास नकार देणारी, किंवा यादीत नाव नसलेली अनेक कुटुंबे जमिनीवरून बेदखल झाली. एल्फिनचे कॅथलिक बिशप जॉर्ज ब्राउन यांनी १८४८ मध्ये मॅहन जहागिरीवरून घालवण्यात आलेल्या माणसांची नावनिशीवार यादी प्रसिद्ध केली. तीत ३,००६ जणांची नोंद होती.

डेनिस मॅहन यांची हत्या

२ नोव्हेंबर १८४७ रोजी डेनिस मॅहन रॉसकॉमन शहरातील दारिद्र्यनिवारण मंडळाची बैठक आटोपून उघड्या घोडागाडीतून घरी परतत होते. स्ट्रोक्सटाउनपासून काही मैलांवर, संध्याकाळी, रस्त्याकडेला दबा धरून बसलेल्यांनी त्यांच्यावर गोळी झाडली आणि ते जागीच ठार झाले. सोबतचे डॉक्टर बचावले. बातमी पसरताच आसपासच्या टेकड्यांवर आनंदाच्या होळ्या पेटल्याची नोंद आहे.

लंडनमध्ये या हत्येचे तीव्र पडसाद उमटले. गावचे कॅथलिक धर्मगुरू फादर मायकेल मॅक्डर्मॉट यांनी हत्येच्या आदल्या रविवारी वेदीवरून मॅहन यांचा धिक्कार केला, असा आरोप झाला आणि लॉर्ड फार्नहॅम यांनी तो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडला. त्याच उन्हाळ्यात मदत समितीच्या कारभारावरून धर्मगुरू आणि जमीनदार यांच्यात खडाजंगी झाली होती, त्यामुळे आरोपाला जोर आला. मॅक्डर्मॉट यांनी तो ठामपणे नाकारला, आणि बिशप ब्राउन यांची यादी याच वादातील उत्तर म्हणून पुढे आली होती. हत्येचे कारण वेदीवरील प्रवचनात नसून बेदखलीत शोधावे, असा तिचा रोख होता.

१८४७ च्या अखेरच्या महिन्यांत आयर्लंडमध्ये इतरही काही जमीनदार व कारभारी मारले गेले होते. डिसेंबरमध्ये संसदेने गुन्हे व अत्याचार प्रतिबंधक कायदा संमत करून पोलिसांना जादा अधिकार दिले. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल मात्र खासगी पत्रव्यवहारात जमीनदारांवरही नाराज होते. इंग्लंडमधील जमीनदार कुटुंबेच्या कुटुंबे एका वेळी रस्त्यावर काढत नाहीत, याकडे त्यांनी आयर्लंडचे व्हाइसरॉय लॉर्ड क्लॅरेंडन यांचे लक्ष वेधले होते.

तपासात बक्षिसाच्या आमिषाने आणि माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर अनेकांना अटक झाली. पॅट्रिक हेस्टी याला १८४८ मध्ये रॉसकॉमन येथे जाहीरपणे फाशी देण्यात आली, आणि या प्रकरणात फाशी झालेला तो एकटाच नव्हता. कट ‘मॉली मॅग्वायर’ या नावाने वावरणाऱ्या गुप्त शेतकरी संघटनेचा होता, असे सामान्यतः मानले जाते. कटवाले उपाशी मजूर नव्हते. त्यांच्यापैकी काही जण त्यामानाने बऱ्या स्थितीतील होते. ज्यांना घालवायचे होते ते आधीच गेले होते किंवा मेले होते. आपली पाळी पुढची आहे अशी भीती ज्यांना होती, त्यांनी बंदूक उचलली, हा अर्थ परिस्थितीशी अधिक जुळतो. पत्रकार पीटर डफी यांचा २००७ मधील ग्रंथ या खटल्यांचा तपशीलवार वेध घेतो.

हत्येने बेदखली थांबली नाही. १८४८ आणि त्यानंतरही ती चालूच राहिली. रॉसकॉमन काउंटीची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे २,५३,००० होती. १८५१ मध्ये ती सुमारे १,७३,००० वर आली. प्रमाणाच्या दृष्टीने ही घट आयर्लंडमधील सर्वाधिक घटींपैकी एक आहे.

पेकनहॅम मॅहन घराणे

डेनिस यांची एकुलती वारस कन्या ग्रेस कॅथरिन हिचा विवाह १८४७ मध्येच हेन्री सँडफर्ड पेकनहॅम यांच्याशी झाला होता. वेस्टमीथमधील पेकनहॅम हे मोठे जमीनदार घराणे होते. दोन्ही आडनावे जोडून ‘पेकनहॅम मॅहन’ हे नाव पुढे चालले. वडिलांच्या हत्येनंतर ग्रेस यांनी स्ट्रोक्सटाउनमध्ये पुन्हा पाऊल ठेवले नाही, असे परंपरेने सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या भूसुधारणा कायद्यांनी, विशेषतः १९०३ च्या विंडम कायद्याने, सरकारी कर्ज घेऊन कुळांना जमीन विकत घेण्याची वाट खुली केली. बहुतांश जहागीर या मार्गाने वाटली गेली.

घराण्याच्या अखेरच्या वारस ऑलिव्ह पेकनहॅम मॅहन (१८९४–१९८१) यांचा पहिला विवाह जुलै १९१४ मध्ये शेजारच्या रॉकिंगहॅम जहागिरीचे वारस एडवर्ड स्टॅफर्ड-किंग-हार्मन यांच्याशी झाला. काउंटीतील दोन मोठ्या जहागिरी त्यामुळे एकत्र येणार होत्या. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडवर्ड पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर मारले गेले. १९५७ मध्ये रॉकिंगहॅमची हवेलीही आगीत भस्मसात झाली.

स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजेची एक तुकडी स्ट्रोक्सटाउनच्या हवेलीत मुक्कामाला होती. २३ मार्च १९२१ रोजी गावाजवळील स्क्रॅमोग येथे आयरिश रिपब्लिकन आर्मीने या तुकडीच्या लॉरीवर हल्ला चढवला. त्यात तुकडीचे प्रमुख कॅप्टन रॉजर पीक यांच्यासह काही सैनिक व पोलीस ठार झाले. त्या वर्षांत आयर्लंडमधील दोनशेहून अधिक हवेल्या जाळल्या गेल्या; स्ट्रोक्सटाउनची वाचली.

हवेलीची विक्री आणि दप्तराचा शोध

१९७० च्या दशकापर्यंत घराण्याकडे सुमारे ३०० एकर जमीन आणि मोडकळीस आलेली हवेली एवढेच उरले होते. १९७९ मध्ये गावातील वाहन व्यावसायिक जिम कॅलरी यांच्या ‘वेस्टवर्ड’ कंपनीने ही मालमत्ता विकत घेतली. गॅरेजच्या विस्तारासाठी त्यांना काही एकर जागा हवी होती. हवेली ठेवण्याचा मूळ विचार नव्हता. जहागिरीच्या कचेरीत त्यांना दुष्काळकाळातील कागद सापडले, क्लूनाहीच्या कुळांचा अर्जही त्यांतच होता. आपल्या शेजारच्या वाड्यांची नावे त्या कागदांवर वाचल्यावर त्यांनी हवेली आणि दप्तर जपण्याचा निर्णय घेतला. जमीनदाराच्या वंशजांनी नव्हे, तर कुळांच्या गावात वाढलेल्या माणसाने हे दप्तर वाचवले, ही बाब आयरिश हवेल्यांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

दप्तरात ५०,००० हून अधिक कागद असून त्यांत खंडाच्या वह्या, बेदखलीच्या याद्या, कारभाऱ्याची पत्रे आणि कुळांचे अर्ज आहेत. त्याचे जतन व सूचीकरण मेनुथ विद्यापीठाच्या सहकार्याने झाले आहे. हवेली १९८७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तबेल्याच्या आवारातील दुष्काळ संग्रहालयाचे उद्घाटन १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते झाले. २०१५ पासून व्यवस्थापन आयरिश हेरिटेज ट्रस्टकडे असून नूतनीकरणानंतर संग्रहालय २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. घराण्याची उंची भांडी, खेळण्यांची खोली, शिकवणीची खोली असे हवेलीतील सामान विक्रीसोबत तसेच राहिले होते. त्यामुळे एकाच आवारात जमीनदारांचे दैनंदिन जीवन आणि त्यांच्या कुळांचा मृत्युलेख, दोन्ही पाहता येतात.

सद्यस्थिती

१,४९० जणांच्या पायवाटेवर आता ‘नॅशनल फॅमिन वे’ हा स्मृतिमार्ग आखलेला आहे. तो संग्रहालयापासून निघून रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनच्या बंदरापर्यंत, शिल्पकार रोवन गिलेस्पी यांच्या दुष्काळ शिल्पसमूहापाशी जातो. वाटेवर ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांच्या तीसहून अधिक कांस्य जोड्या बसवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील एका खऱ्या जोडीवरून त्या घडवल्या असून, डॅनियल टायच्या प्रवासाच्या आधारे वाटसरूंना माहिती दिली जाते.

सेंट जॉन्स चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही. तेथे काउंटीचे वारसा व वंशावळ केंद्र आहे, आणि आपले पूर्वज कोणत्या टाउनलँडमधून गेले हे शोधण्यासाठी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील आयरिश वंशाचे लोक तेथे येतात. गावात १९९९ पासून आंतरराष्ट्रीय कविता महोत्सव भरत आला असून त्यात इंग्रजीबरोबरच आयरिश व स्कॉटिश गेलिक कवितांनाही स्थान असते. हवेलीची सहा एकरांची तटबंद बाग १९९७ मध्ये पुन्हा फुलवण्यात आली. तिच्यातील फुलझाडांचा दुहेरी ताटवा आयर्लंडमधील सर्वांत लांब ताटव्यांपैकी आहे.